तीन आठवडे वेगळी बांधायची घोडी

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी खोटं बोलायला काही कारण उरलेलं नाही. सिल्वासाजवळच्या त्या घोड्यांच्या फार्मवर मला, तुमच्या विद्यार्थिनीला, डॉक्टर म्हणून घेतलं ते तुमच्याच शब्दाखातर. नव्वदीची सुरुवात होती, बाई डॉक्टर म्हटलं की लोक कुत्र्यामांजरांचा दवाखाना दाखवायचे. फार्मच्या आतच क्वार्टर, फाटकाबाहेर खडोलीचा धुळीचा रस्ता. धुळ्याला परतले असते तर आईने महिन्याभरात लग्न उरकलं असतं. आत जीव गुदमरायचा, पण बाहेर जायला जागा नव्हती.

त्या हिवाळ्यात पंधरा दिवसांत तीन घोड्या गाभडल्या. दिवस भरत आलेल्या. तुम्ही मुंबईहून आलात, बाह्या सारल्यात, घोडीची वार फरशीवर पसरून बोटाने चाचपलीत, मग मेलेलं शिंगरू उघडलंत. यकृतावर राळ्याच्या दाण्याएवढे पांढरे ठिपके. "चाऱ्याचा दोष नाही," तुम्ही म्हणालात, "हा रोग बाहेरून आलाय. नवी घोडी कुठे बांधली होती?" बाहेरून आलेली घोडी तीन आठवडे गाभण घोड्यांपासून लांब, हा नियम तुम्हीच घालून दिला होता.

"लांबच होती," मी म्हणाले. साफ खोटं. नवी घोडी आली त्याच आठवड्यात फार्मच्या मालकांना, शेठना, पाहुण्यांपुढे सगळ्या घोड्या एका ओळीत मिरवायच्या होत्या. घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराने मला अडवलं होतं, "बाई, हिला तर अलग ठेवायची ना? डाक्टरसाहेब बोललेले." शेठना नाही म्हणायची माझी छाती नव्हती. एका दिवसाने काय होतंय, आण तिला, असं मीच त्याला सांगितलं. आता तो समोर उभा होता. "बाईंनी सांगितलं तसंच केलं," एवढंच बोलला. मॅनेजर त्याच्यावर उसळला, "वर बाईंचं नाव घेतोस? तूच बादली-ब्रश दोन्हीकडे फिरवलास!" संध्याकाळच्या आत त्याला काढलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर तिथेच हात बांधून उभी.

तुम्ही जेवायला माझ्याकडे आलात. मी भाकरी थापतेय, तुम्ही पाटावर बसलाय, पाठीमागून विचारताय, "मोतद्दार खोटं बोलतोय, असं वाटतं तुला?" मी वळत नाही. "हो सर." "बरं," तुम्ही म्हणता आणि पुढच्या भाकरीची वाट न पाहता अर्ध्या ताटावरून उठून हात धुता. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मी बोलून मोकळी झाले असते. पुढे नऊ वर्षं मी तिथेच राहिले. दुसरीकडे अर्ज करायचा तर तुमचं शिफारसपत्र लागलं असतं, आणि ते मागायचं तोंड नव्हतं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही. मोतद्दाराचा आहे, तो फार्मजवळच रांध्याला राहतो, पण त्याला मी अजून एक ओळ लिहिलेली नाही. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा आधी मनात आलं, आता खरं काय ते त्या एकट्यालाच ठाऊक, आणि त्याचं कोण ऐकणार. सर, त्या दिवशी मी पोटभर जेवले.