रकाना बावीस : निरंक

दि. ४ फेब्रुवारी

चि. बोरूस,
अ. उ. आ.

पाकीट पाहून दचकू नकोस, घरात कुणाला काही झालेलं नाही. फोन केला की तुझी बैठक चालू असते आणि कचेरीतल्या मेलवर चार डोळे असतात, म्हणून कागदावर लिहिते आहे.

आमच्याकडे प्र-कुलगुरूंची जागा भरायची आहे, हे तुला मी सांगायला नको. कुलगुरूंच्या खालोखाल ती खुर्ची. कोणता विभाग वाढवायचा, कोणती प्रयोगशाळा बंद करायची, कुणाला प्राध्यापक करायचं, सगळं तिथे ठरतं. एकेचाळीस अर्ज आले. छाननी आस्थापना विभागात, म्हणजे माझ्याच टेबलावर. काल सतरावा अर्ज उघडला तर तो तुझा. माझा भाऊ अर्ज करतो आहे हे मला अर्जावरून कळावं, याचं वाईट वाटलं. पण दोनशे चौदा शोधनिबंध वाचून मी टेबलाखाली शाळकरी मुलीसारखे पाय हलवत होते, हेही खरं.

मग बाविसावा रकाना आला. ‘या विद्यापीठात नोकरीस असलेले नातेवाईक : नाव, पद, नाते.’ तिथे तू लिहिलं आहेस, निरंक.

मी या इमारतीत अडतीस वर्षं आहे. हा शब्द मी हजारदा लिहिला असेल. गैरहजर कर्मचारी निरंक, प्रलंबित तक्रारी निरंक. तो स्वतःच्या जागी वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. मी पुन्हा चष्मा पुसून वाचलं.

मला जे करायचं होतं ते मी कालच केलं. दुरुस्तीची मुदत वीस तारखेपर्यंत आहे, एका ओळीचं पत्र चालतं. आता तू तुझं कर.

भावजयीला आणि भाचीला आशीर्वाद. लोभ आहे, म्हणूनच लिहिलं.

ताई


दि. ९ फेब्रुवारी

ती. स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तू तुझं काम केलंस त्याबद्दल आभार. अर्ज पुढे सरकला हे वाचून जीव भांड्यात पडला. मला खात्री होतीच.

रकान्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. ते मी तुझ्यासाठीच केलं. उद्या मी त्या खुर्चीत बसलो तर तुझ्याच विभागातली माणसं म्हणतील, बहिणीनं भावाला आत घेतला. जूनमध्ये तू निवृत्त होते आहेस, शेवटच्या चार महिन्यांत तुला बोल कशाला? आडनावाचं म्हणशील तर या आडनावाचे सोळा जण तुमच्याकडे आहेत, मी यादी पाहिली आहे. शिवाय तो रकाना असतो तो कुलगुरू, अधिष्ठाता, फार तर प्राध्यापक अशा लोकांसाठी, ज्यांचं वजन निवडीवर पडेल. तुझ्यासारख्या कक्षाधिकाऱ्याचं वजन ते काय पडणार? राग मानू नकोस, व्यवहाराचं बोलतो आहे.

मी पन्नास वर्षांचा आहे. इथे माझी खोली शीतकपाटांच्या शेजारी आहे. दिवसभर ती गुरगुरत असतात आणि माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असलेला विभागप्रमुख मला वेळेवर येण्याबद्दल परिपत्रक पाठवतो. ही संधी गेली तर निवृत्तीपर्यंत हेच.

एक काम कर. शोध समितीत बाहेरचे दोघे कोण आहेत आणि अध्यक्षबाई साधारण काय विचारतात, एवढं कळव. कागदावर कळव, मेलवर नको.

लोभ वाढावा.

तुझा बोरू


दि. १३ फेब्रुवारी

बोरू,
आशीर्वाद या वेळी हातचे राखून ठेवते.

समितीत कोण आहे ते मी सांगणार नाही. काय विचारतात तेही नाही. अडतीस वर्षं ज्या कपाटाची किल्ली सांभाळली ते तुझ्यासाठी उघडेन असं तुला वाटलं, याचीच मला लाज वाटते.

आता वजनाबद्दल. बाबा गेले तेव्हा तू पाचवीत होतास. आईचा हात सही करताना थरथरायचा, आणि तुझं अक्षर म्हणजे कोंबडीनं पाय शाईत बुडवून चालावं तसं. बोरू हे नाव तुला उगाच नाही पडलं. शिष्यवृत्तीचा पहिला अर्ज तू तीनदा खराब केलास आणि चौथा मी भरला. तिथपासून वसतिगृह, महाविद्यालय, परदेशातली जागा, एकूण एक अर्ज माझ्या अक्षरात आहेत. मी वनस्पतिशास्त्राचं दुसरं वर्ष सोडून या कचेरीत लागले, ते तुझ्या वसतिगृहाच्या वर्षी. हे मी कधी बोलले नाही आणि आजही बोलणार नव्हते, पण तू तराजू काढलास.

शिष्यवृत्तीच्या त्या अर्जात एक रकाना होता. ‘पालकाचे विद्यार्थ्याशी नाते.’ मी लिहिलं होतं, बहीण. कारकुनानं विचारलं होतं की वडीलधारं कुणी नाही का. मी सांगितलं, मीच आहे. मी एकोणीस वर्षांची होते.

जन्मात पहिला अर्ज तू स्वतः भरलास आणि त्यात मला खोडून टाकलंस. मला वाचवायला म्हणे. नाकानं कांदे सोलू नकोस. प्र-कुलगुरूंची बहीण फायलींना दोरे बांधते, हे तुला नको आहे. तसं सरळ लिहिलं असतंस तर मी रडून मोकळी झाले असते.

वीस तारखेपर्यंत सात दिवस आहेत.

ताई


दि. १८ फेब्रुवारी

सौजन्यपूर्वक नमस्कार,

दुरुस्ती करणार नाही. आता केली तर आधी लपवलं होतं असाच अर्थ निघेल. हात दाखवून अवलक्षण कोण करील?

तू माझे अर्ज भरलेस, हे मला ठाऊक आहे. ते साऱ्या जगाला ठाऊक आहे. माझ्या प्रत्येक सत्काराला पहिल्या रांगेत बसून शेजारणीला तू तेच सांगत आलीस. मी रात्रंदिवस खपून जे मिळवलं, त्यातही तुझंच अक्षर शोधायचं का? तुझे उपकार ऐकत ऐकत मी म्हातारा झालो. एकदा, फक्त एकदा, मला कुणाचाही कोणी नसलेला माणूस म्हणून दारात उभं राहायचं होतं. तुला खरं कारण हवं होतं ना, ते हे.

आणि एक लक्षात ठेव. छाननीच्या कागदावर तुझीही सही असेल. इतके दिवस गप्प राहिलीस, आता बोललीस तर आपण दोघंही बुडू, आणि तुझं निवृत्तिवेतन आधी अडकेल. धमकी समजू नकोस. समजलीस तरी हरकत नाही.

आपला
(नाव तुला माहीत आहे)


दि. १२ मार्च

ताई,

नमस्कारही लिहावासा वाटत नाही.

काल मुलाखत झाली. तुमची ती लांब खोली, झाकण घातलेले पाण्याचे पेले, भिंतीवर पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ. पाऊण तास उत्तम गेला. संशोधनाचा आराखडा मी असा मांडला की बाहेरून आलेले दोघे लिहून घेत होते. खुर्ची मला दिसत होती, ताई.

मग अध्यक्षबाईंनी फायलीतून दोन कागद काढले आणि माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. एक माझा, रकाना बावीस. दुसऱ्यावर तुझं टपोरं अक्षर. ‘उमेदवार क्रमांक सतरा हा माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. सबब या जागेच्या छाननीतून मला मुक्त करावे.’ तारीख तीन फेब्रुवारी. म्हणजे तुझ्या पहिल्या पत्राच्या आदल्या दिवशी. छाननी दुसऱ्याच कुणी केली. मी तुला गप्प बसायला सांगत होतो, तेव्हा तू पंधरा दिवस आधीच बोलून बसली होतीस.

बाईंनी विचारलं, यातलं खरं कोणतं. मी म्हणालो, नजरचुकीनं राहिलं. त्या म्हणाल्या, “मोबाइल नंबर नजरचुकीनं राहतो. बहीण राहते?”

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

आज नकार आला. तू केसानं गळा कापलास. एका ओळीत सांगता आलं असतं, की मी लिहून दिलं आहे, तूही दे. तू मुद्दाम लपवलंस. मी खोटं लिहिलं, मान्य. पण तू सापळा लावून बसलीस आणि वर आशीर्वाद पाठवलेस. माझ्याकडून हे शेवटचं पत्र.

बोरू


दि. १७ मार्च

चि. बोरूस,
अ. उ. आ. आवडो वा न आवडो.

तू म्हणतोस ते खरं आहे. एका ओळीत सांगता आलं असतं. ती ओळ मी पहिल्या पत्रात लिहिली होती आणि खोडली. कागद दिव्यासमोर धरलास तर दिसेल.

सांगितलं असतं तर तू भीतीनं दुरुस्ती केली असतीस. मला ती भीती नको होती. भावाला आपण होऊन आठवावं, एवढाच माझा हट्ट होता. त्या हट्टापायी तुझी खुर्ची गेली. मी तुझी परीक्षा घ्यायला नको होती. मला झोप लागत नाही, पण माफी मागायला जीभही रेटत नाही, कारण तीन तारखेचा तो कागद पुन्हा लिहावा लागला तर मी पुन्हा लिहीन. आणि शेजारणींना मी सांगायची तेही खरं. माझ्याजवळ सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं रे. त्याचं तुला इतकं ओझं होत असेल, हे मला कधी सुचलंच नाही.

काल माझ्या टेबलावर माझ्याच निवृत्तीचे कागद आले. सहा पानं. सगळी भरली, एक रकाना सोडून. ‘सर्वांत जवळचा नातेवाईक : नाव व नाते.’ लग्न केलं नाही, आई गेली. नोकरी लागल्यापासून दर वेळी तिथे मी न थांबता तुझं नाव लिहीत आले. काल पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना.

ते पान सोबत पाठवते आहे. अक्षर कसंही असो, या खेपेला तू भर. निरंक लिहिलंस तर मी त्याखाली सही करीन, वाद घालणार नाही. पान तीस तारखेच्या आत माझ्या हातात पडायला हवं. मुदतीनंतर आलेला कागद मी आजवर कुणाचाही घेतलेला नाही.

लोभ असावा की नाही, ते त्या रकान्यावरून कळेल.

तुझी
ताई