प्लास्टिकवरची सही कोणाची चालते आणि कोणाची नाही, याबाबत

प्रति,
मा. वसुली व जप्ती अधिकारी,
खोली क्रमांक ७, पहिला मजला
(अर्जदाराच्या दुकानासमोर).

विषय : अर्जदाराचे लॅमिनेशनचे यंत्र जप्त न करण्याबाबत, व करायचेच असल्यास रीतसर करण्याबाबत.

संदर्भ : १) भाड्याने गाड्या देणाऱ्या कंपनीचे मागणीपत्र, पाने चौदा.
२) आपला दिनांक ४ चा आदेश.
३) आपली जप्तीची नोटीस क्रमांक ४१७, जी सध्या अर्जदाराच्या शटरवर आहे.

महोदय,

१. अर्जदाराचे आपल्या कार्यालयासमोर, रस्ता ओलांडला की लगेच, लॅमिनेशनचे दुकान आहे. त्यास बावीस वर्षे झाली. एक यंत्र, एक टेबल, दोन स्टुले आणि अर्जदाराची पत्नी एवढाच पसारा. या भागातल्या लोकांची ओळखपत्रे, गुणपत्रिका, जन्माचे आणि मृत्यूचे दाखले अर्जदाराच्या हाताखालून गेलेले आहेत. आपल्या गळ्यात असते ते ओळखपत्रही अर्जदारानेच केलेले असून त्याचा एक कोपरा सुटला आहे. तो विनामूल्य बसवून देण्यास अर्जदार केव्हाही तयार आहे.

२. पत्नीचे गुडघे कामातून गेल्याने तिला स्कूटरवर मागे बसवून दुकानात आणणे अशक्य झाले. म्हणून अर्जदाराने चार वर्षांच्या कराराने एक लहान गाडी भाड्याने घेतली. गाडीचा विमा अर्जदाराने उतरवायचा आणि चालू ठेवायचा, अशी करारात अट होती. ही अट अर्जदारास माहीत नव्हती असे अर्जदाराचे म्हणणे नाही. करार लॅमिनेट होऊन दुकानाच्या भिंतीवर लागलेला होता.

३. येथे अर्जदारास स्वतःची एक खोड कबूल करणे भाग आहे. महत्त्वाचा कागद उघडा पडलेला अर्जदारास बघवत नाही. घरातला लग्नाचा दाखला, विजेची बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, एवढेच काय, पत्नीने एकदा रागाच्या भरात लिहून ठेवलेली "मी ताईकडे जातेय, जेवण झाकून ठेवलंय, गिळा" ही चिठ्ठीसुद्धा प्लास्टिकमध्ये आहे. विमा संपायला वीस दिवस असताना नूतनीकरणाचा अर्ज आला. त्यावर फक्त सही करून तो पैशांसह परत पाठवायचा होता. अर्जदाराने तो दोनदा वाचला, कागद महत्त्वाचा आहे हे ओळखले, आणि यंत्रात घातला. तेही साध्या नव्हे, चकचकीत फिल्ममध्ये. "अहो, आणि सही?" असे पत्नी म्हणाली खरी, पण तोवर कागद यंत्राच्या पलीकडून गरमागरम बाहेर पडला होता.

४. प्लास्टिकवर पेन उमटेना, म्हणून अर्जदाराने मार्करने ठसठशीत सही केली आणि त्याच दिवशी अर्ज पैशांसह रवाना केला. विमा कंपनीने तो बाविसाव्या दिवशी परत पाठवला, पैसेही परत पाठवले. सोबत शेरा : 'प्लास्टिकवरील सही ग्राह्य नाही. कोरा अर्ज मिळण्यासाठी अर्ज करावा.' तोवर विमा संपून दोन दिवस लोटले होते.

५. अर्जदाराने तात्काळ गाडीच्या कंपनीस फोन केला. "मूळ कागद आणि गाडी, दोन्ही घेऊन समक्ष या," असे तिथल्या बाईंनी सांगितले. विमा नसलेली गाडी रस्त्यावर आणू कशी, असे विचारता, "मग ढकलत आणा," असे उत्तर आले. ढकलायला लागणारे गुडघे घरात कोणाचेच नसल्यामुळे अर्जदार गाडी चालवत गेला. ही अर्जदाराची चूक आहे आणि ती तो नाकारत नाही. कंपनीच्या फाटकाशी पहारेकऱ्याने कागद दाखवण्यास फर्मावले. अर्जदाराने तो समोरच्या काचेशी धरताच मागून आलेले ऊन त्या चकचकीत फिल्मवर पडले आणि थेट अर्जदाराच्या डोळ्यांत शिरले. "काका, कागद राहू द्या, ब्रेक मारा!" एवढे अर्जदारास ऐकू आले. नंतर फाटकाचा डावा खांब गाडीच्या नाकावर येऊन बसला. कोणासही इजा झाली नाही. पहारेकऱ्याचा चहा सांडला.

६. विमा नसल्याने सगळा भुर्दंड अर्जदाराच्या डोक्यावर आला, हे समजण्याजोगे आहे. मात्र कंपनीच्या मागणीपत्रात काही गोष्टी अर्जदाराच्या बुद्धीबाहेरच्या आहेत. त्यात गाडीची पूर्ण किंमत लावली आहे, कारण गाडी संपली. उरलेल्या एकतीस महिन्यांचे भाडेही लावले आहे, कारण करार संपलेला नाही. शिवाय करार मुदतीआधी संपवल्याचा दंड आहे, कारण करार संपला. खांबाचे पैसे आहेत. मोडकी गाडी कंपनीच्याच आवारात, कंपनीच्याच खांबाखाली उभी असल्याबद्दल रोजचे पार्किंग आहे. आतमध्ये काचा पडल्या म्हणून सफाईचा आकार आहे. आणि अपघातापासून गाडी अजिबात न फिरल्यामुळे ठरलेल्यापेक्षा कमी वापर केल्याचा वेगळा आकार आहे. चहाचा मात्र उल्लेख नाही. त्या माणसास अर्जदाराने दुसऱ्या दिवशी स्वतः चहा पाजला. सदर रक्कम फेडण्यास किती ओळखपत्रे लॅमिनेट करावी लागतील, याचा हिशोब पत्नीने मांडला. या शहरातल्या प्रत्येक माणसाने आपले ओळखपत्र तीन वेळा हरवले, तरच ते जमेल.

७. आपणासमोर सुनावणी झाली तेव्हा अर्जदाराने विनंती केली होती, की सही मुदतीत झालेली आहे, फक्त ती प्लास्टिकवर झाली. तेव्हा विमा चालू होता असे मानून भरपाई विमा कंपनीकडून घ्यावी. त्यावर आपण हसून, "उद्या लोक ताटावर सह्या करून आणतील," असे म्हणालात. खोलीतले सगळे हसले. अर्जदारही हसला, कारण न हसणे बरे दिसले नसते. नंतर आपल्या आदेशात आपण लिहिलेत : 'प्लास्टिकवर केलेली सही ही सही नव्हे, मग ती कोणीही केलेली असो.' सदर आदेश अर्जदाराने जपून ठेवला आहे. कसा, ते सांगणे नलगे.

८. आता मुख्य मुद्दा. नियमाप्रमाणे जप्तीची नोटीस ऊनपाण्याने खराब होणार नाही अशा रीतीने तीस दिवस दर्शनी भागावर लावावी लागते. दिनांक ९ रोजी दुपारी आपला शिपाई नोटीस क्रमांक ४१७ घेऊन अर्जदाराच्याच दुकानात आला, कारण दुसरे दुकान या भागात नाही. नोटिशीत अर्जदाराचे नाव होते, दुकानाचे नाव होते, आणि ज्या यंत्रात ती घालायची त्या यंत्राचा क्रमांकही होता. अर्जदाराने ती वाचली. मग अर्जदाराने शिपायाच्या लक्षात आणून दिले, की यावर साहेबांची सही राहिली आहे. या बाबतीत अर्जदाराचा अनुभव मोठा आहे. त्यावर शिपाई म्हणाला, "साहेब जेवायला गेलेत. तुम्ही मशीन चालवा, सहीचं आमचं आम्ही बघतो." अर्जदाराने यंत्र चालवले. पैसे नेहमीप्रमाणे आपल्या कार्यालयाच्या उधारीत लिहिले. जाताना शिपायाने टेबलावरचा मार्कर मागून नेला, तो अद्याप परत आलेला नाही.

९. संध्याकाळी नोटीस शटरवर लागली. तिच्यावर प्लास्टिकवरून आपली सही होती, ठसठशीत. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्जदाराच्या पत्नीने शटर पुसायला घेतले. यंत्राच्या रोलरवरचा डिंक काढण्यासाठी दुकानात स्पिरिट असते आणि तेच ती शटरलाही वापरते. हे बावीस वर्षे चालू आहे, आपण खिडकीतून रोज पाहता. आपली सही फडक्यावर आली. पत्नी घाबरली. अर्जदाराने तिला स्टुलावर बसवून आपला आदेश वाचून दाखवला, आणि जी पुसली गेली ती मुळात सही नव्हतीच, अशी तिची खात्री पटवली.

१०. तरी अर्जदाराची विनंती अशी, की प्लास्टिकवरची सही चालते असे आपण ठरवावे, म्हणजे अर्जदाराचा विमा चालू होता असे होईल आणि कंपनीने आपले चौदा पानी मागणीपत्र विमा कंपनीच्या दारात न्यावे. किंवा ती चालत नाही असे ठरवावे, म्हणजे नोटीस क्रमांक ४१७ हा एक सुबक लॅमिनेट केलेला कोरा कागद ठरेल. अर्जदाराचा कोणत्याही एका बाजूस आग्रह नाही. जे आपण अर्जदाराला लावाल ते स्वतःलाही लावावे, एवढेच म्हणणे आहे.

११. नवी नोटीस काढण्याचा आपणास अधिकार आहे, हे अर्जदार जाणतो. तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. ती नोटीस ऊनपाण्यापासून राखण्यासाठी अर्जदाराकडेच यावे लागेल. आलात तर अर्जदार तीही करून देईल, एकही बुडबुडा न राहू देता. कारण महोदय, अर्जदारास याखेरीज दुसरे काही येत नाही. ते यंत्र उचलून नेले तर उद्या सकाळी शटर उघडून ही दोन माणसे काय करणार, हा प्रश्न पत्नी रोज विचारते. ती आता चालत दुकानात येते. दहा मिनिटांच्या वाटेला तिला पाऊण तास लागतो.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेला,
आपला नम्र,
व तूर्त सदर यंत्राचा मालक

(सही)
दिनांक : ११

सोबत :
१) विमा नूतनीकरणाचा अर्ज, चकचकीत फिल्ममध्ये (उन्हात धरू नये).
२) आपला दिनांक ४ चा आदेश, लॅमिनेट केलेला.
३) आपली सही, फडक्यासह, लॅमिनेट केलेली.

ता. क. : हा अर्जही लॅमिनेट केलेला आहे, मात्र सही आधी केली आहे. पोच मिळावी. ती कृपया कागदावर द्यावी.