बिन नकाशाचा बोर्ड

२९ नोव्हेंबर १९९८, सावली

बोर्ड अजून मेलेलाच! स्क्रीनवर नुसत्या उभ्या पट्ट्या. बाबुलालभाऊची, नाणं टाकून खेळायची विमानांच्या गेमची मशीन तिकडे धानोऱ्याच्या बाजूला, माझ्या गावात, रिकामी पडली आणि मी तिचा बोर्ड इकडे मंडईच्या जत्रेत घेऊन बसलो.

सर्किटचा नकाशा नाही, पुस्तक नाही. नागपूरला रेडिओच्या दुकानात होतो तेव्हा नकाशा तरी मिळायचा. इथं बनवणाऱ्यानं आयसीवरचे, त्या काळ्या चिपांवरचे, नंबरसुद्धा खरवडून टाकले — दुसऱ्यानं नक्कल करू नये म्हणून. मग बोटच मीटर! बोर्ड चालू करायचा, एकेका आयसीवर बोट ठेवायचं. गरम, कोमट, थंड. अर्ध्यापर्यंत आलो आणि तिकडे नाटकाची घंटा झाली. ठेवलं तसंच.

लालसूला घरी जायचं होतं, धान चुरायचं, मळायचं राहिलं म्हणे. मशीन उचलायला तो माझ्यासोबत असतो. गोंडी बोलणारा; मराठी कळते त्याला, धड बोलवत नाही. मी म्हटलं, बोर्ड पोत्यात घाल, तू पुढं हो, मी नाटक पाहून येतो.

बाबुलालभाऊ — "अबे पिंटू, तुह्या बुडाले चाकं हायेत, पन जिथं जायाचं तिथं सोडून सारीकडं जाते!"

३० नोव्हेंबर

बस चुकली. नाटकातल्या पेटीवाल्याचा एक सूर अडकत होता, तो काढत बसलो. काढला! जेवण मिळालं.

१ डिसेंबर

गावी खोलीवर आलो तर दारात सुकरी बसलेली. लालसूची बायको. सांगितलं अंजनाबाईनं; तिची चहाची टपरी पुढं, मागं माझी खोली.

लालसूला रस्त्यात पोलिसांनी धरलं. पोत्यात बोर्ड, वायरी, सप्लाय. विचारलं, हे काय? म्हणाला, गेम.

"जंगलात कोन गेम खेळते बापा? कोन मानन?" — अंजनाबाई.

त्यांना वाटते बाँबचं सामान. आतल्यांसाठी. आतले म्हणजे जंगलातले बंदूकवाले. नाव इथं कुणी घेत नाही, मीही घेत नाही.

निघालो तर अंजनाबाईनं बाही धरली. "जाशीन तं पायी जा. मांगच्या वाटेनं. ठान्यात जातानी-येतानी कोनं पाह्यलं तं तेच उद्या आतमंदी सांगतेत."

मी हसलो.

२ डिसेंबर

ठाण्याचं नाव लिहीत नाही.

साहेब म्हणाले, "गेम आहे ना? चालवून दाखव. चालला तर दोघं घरी. नाही चालला तर दोघं आत." सांगितलं, साहेब, बिघडला आहे म्हणूनच तर पोत्यात होता. "मग नीट कर. कागद कुठे आहेत याचे?" कागद नसतात म्हटलं तर शिपाई हसले — "कागद नसते तेच तं बाँब असते बे!"

मशीनचा डबा माझ्या गावाहून उचलून आणला. लालसू आतल्या खोलीत. दार उघडलं तेव्हा दिसला. पाय भिंतीला टेकवून वर ठेवलेले. तळवे जांभळे.

दिवसभर पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवलं, अर्ध्यापर्यंतच आलो. पट्ट्याच.

३ डिसेंबर

आयुष्यात पहिल्यांदा एका जागी बसलो.

सावलीच्या मंडईत जिथं सोडलं होतं, त्याच्या पुढची तिसरीच आयसी थंडगार निघाली! सोबतच्या साऱ्या कोमट, ही मढ्यासारखी. तेव्हाच बोट पुढं नेलं असतं तर — जाऊ दे.

नवी कुठून आणू? नंबर खरवडलेला, पण शेवटचा आकडा अर्धा उरला होता. सारा बोर्ड धुंडाळला. नाणी मोजतात त्या कोपऱ्यात तोच अर्धा आकडा, तेवढेच पाय. ती उपटली, इकडे टाकली. घाईत वितळलेलं कथील गुडघ्यावर सांडलं.

बटण दाबलं. पट्ट्या. मग काळं. मग — विमान!

आता नाणं मोजत नाही, दोन वायरी टेकवल्या की सुरू. साहेबांना तेच आवडलं. "फुकटात चालते? मग इथंच राहू दे." शिपायांची रांग लागली. एक म्हणतो, "साहेब, याच्यातबी गोळ्याच झाडाच्या हायेत, डबल ड्युटी!" लालसूला उचलून खुर्चीवर बसवलं, चहा दिला, गेमची दांडी हातात दिली. त्यानं दांडी धरली. हलवली नाही.

मग सोडतो म्हणाले. त्याला उभंच राहता येईना. मी म्हटलं, साहेब, गाडीनं सोडा ना. साहेब खुशीत होते. "जा रे, सोडा दोघांना."

लालसू म्हणाला, "हिल्ले. गाडी नको. पायी जाईन."

"येडा झाला का बे! पाय पाह्य तुहे!" — मी.

गाडीतही त्याचं एकच — "नाल्याजवळ उतरव. गावात नको." मी ड्रायव्हरला म्हटलं, त्याचं ऐकू नका भाऊ, अगदी दारापर्यंत घ्या. पोरं गाडीमागे धावली. बाकी कुणी बाहेर आलं नाही. सुकरी दारात उभी होती, गाडी पाहून आत गेली.

मला वाटलं, लाजली.

४ डिसेंबर

बाबुलालभाऊचा निरोप — "मशीन काय तुह्या बापाची होती, ठान्याले देऊन आला!" देऊ दे शिव्या. माणूस सुटला. दिवसभर झोपलो.

७ डिसेंबर

सुकरीचा भाऊ इसरू आला होता. बसला नाही.

परवा रात्री लालसूला घरून नेलं. सकाळी नाल्याजवळ प्रेत सापडलं.

"चार दिवसांत कोन सुटते? पोलिसाची गाडी दारापावतर खबऱ्याबगर कोनाले सोडते? आतल्यायनं इचारलं. आमच्यापाशी जबाब नोयता."

मी सांगितलं — आयसी, नाण्याचा कोपरा, सारं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "सुकरीनं सांगतलं, तू येऊ नको."

८ डिसेंबर

आज बाजार. ठाण्याची गाडी टपरीसमोर उभी. शिपाई ओरडून राह्यला — "पिंटूशेठ, चाल! साहेबाचा गेम अटकला! पायी नोको येऊ, गाडी आनली तुह्यासाठी!"

सारा बाजार पाहून राह्यला. अंजनाबाईनं टपरीची फळी लावून घेतली.