रॅक क्रमांक नऊशेजारी आडवे होण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
जुने नकाशे व अभिलेख जतन कार्यालय,
सिव्हिल लाइन्स, नागपूर.

विषय : कामाच्या वेळेत दुपारी वीस मिनिटे जमिनीवर आडवे होण्याची परवानगी मिळणेबाबत, तसेच रॅक क्र. ९ उचलण्यासाठी दोन माणसे मिळणेबाबत.

संदर्भ : आपले ज्ञापन, दि. १५ मे १९७४ (कर्तव्यावर असताना झोपलेले आढळल्याबाबत).

महोदय,

वरील ज्ञापनावरचा माझा हा तिसरा खुलासा आहे. पहिले दोन लहान होते, म्हणून ते कोणाच्या नजरेस पडले नसावेत. हा थोडा मोठा लिहीत आहे.

मी, श्रावण देवाजी गजभिये, आपल्या कार्यालयात एकोणीस वर्षांपासून नकाशांचे गठ्ठे चढवतो व उतरवतो. मागील वर्षी मार्च महिन्यात काटोल तालुक्याचा गठ्ठा उतरवताना कमरेत कडकन आवाज झाला. तो शेजारच्या खोलीतल्या टंकलेखकालाही ऐकू गेला. तेव्हापासून माझी कंबर माझे ऐकत नाही. सकाळी माझी पत्नी भागीरथा मला आधी कुशीवर वळवते, मग बसवते, मग उभे करते. मोजे तीच घालून देते. शिंक येणार असे वाटले की मी भिंत धरतो. सायकल आहे, पण तिच्यावर बसवत नाही. तिचे हँडल धरून पाचपावलीहून पायी येतो, तेवढाच आधार होतो. रस्त्यात लोक विचारतात, पंक्चर झाली काय? मी हो म्हणतो. रोज कोणाकोणाला कंबर सांगायची?

डॉक्टरांनी पट्टा बांधायला दिला आणि लिहून दिले की जड उचलू नये, कमरेतून वाकू नये, आणि रोज दुपारी कडक जमिनीवर वीस मिनिटे सरळ पडावे. (चिठ्ठीची नक्कल सोबत जोडली आहे.) या तीनपैकी एकही सूचना आपल्या कार्यालयात पाळता येत नाही, हे डॉक्टरांना माहीत नसावे. जड उचलणे हेच माझे काम आहे. वाकलो नाही तर मला प्रतिकूल शेरा कळवण्यात आला की 'साहेब आले असता उभा राहतो, परंतु वाकून नमस्कार करीत नाही, वृत्ती ताठर.' महोदय, माझे वडील ऐंशी वर्षांचे आहेत. वर्षभरात त्यांच्या पायांपर्यंतही माझा हात पोचलेला नाही. ते रागावत नाहीत. उलट तेच म्हणतात, राहू दे गा, दुखन तुले.

उरली तिसरी सूचना. दि. १४ मे रोजी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी मी रॅक क्र. ८ व ९ यांच्यामध्ये फरशीवर पडलो होतो. माझे डोळे उघडे होते. आपण दारातून पाहिलेत, आणि दारातून फक्त माझे पाय दिसतात. पायांवरून माणूस जागा आहे की झोपलेला, हे आमच्या घरीसुद्धा कोणाला सांगता येत नाही.

मी जागा होतो हे सांगणारा एक साक्षीदार मिळावा म्हणून मी सर्व शाखांत फिरलो. मिळाला नाही. त्या वेळी दारा-खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर नुकतेच पाणी मारून गारवा झाला होता, त्यामुळे आस्थापना शाखेत डोकी टेबलावर होती, लेखा शाखेत माना खुर्चीच्या पाठीवर होत्या आणि आवक-जावक शाखेत टोपी तोंडावर होती. बडेबाबू वामनराव यांनी मला आपुलकीने समजावले, "झोपाचं असन तं बसून झोप ना गा. आडवा काहून होतं?" म्हणजे बसून झोपले तर ते काम आणि आडवे पडून जागे राहिले तर ती झोप, असा येथील नियम दिसतो. नियम लेखी मिळाल्यास मी मान देईन. कंबर देईल की नाही, सांगता येत नाही.

मी जागा होतो याला पुरावा आहे, आणि खरी अडचण त्या पुराव्याचीच आहे. रॅक क्र. ९ चा मागचा डावा पाय आखूड आहे. रॅक डुगडुगू नये म्हणून कोणीतरी त्या पायाखाली एक नकाशा घडी घालून सरकवला आहे. घडीच्या बाहेर आलेल्या कोपऱ्यावर 'उमरेड, पौनीकर यांचे घर व अंगण' असे स्वच्छ वाचता येते. त्या दुपारी पडल्या पडल्या मी तो वाचला. उभ्या माणसाला तो दिसत नाही. खुर्चीतल्या माणसाला तर नाहीच नाही.

हा नकाशा उमरेडच्या श्रीमती मैनाबाई पौनीकर यांच्या घराचा आहे. बाई विधवा आहेत, मागावर लुगडी विणतात. शेजाऱ्याने त्यांच्या अंगणात भिंत घातली आणि आता अंगण आपलेच म्हणतो. खरी हद्द या एकाच नकाशात आहे. त्याच्या नकलेसाठी बाई सहा वर्षे आपल्या कार्यालयात खेपा घालत आहेत. मागील वर्षी आपण त्यांना लेखी कळवले की नकाशा वाळवीने खाल्ला. येत्या शुक्रवारी, दि. २१ जून रोजी, त्यांच्या दाव्याची शेवटची तारीख आहे. त्या दिवशी नक्कल दाखवली नाही तर अंगण गेले. मागाच्या खड्ड्यात बसून बसून त्यांचीही कंबर गेली आहे. माझा पट्टा पाहून म्हणाल्या, "माही कंबरबी अशीच हाये भाऊ. पण आंग टाकाले मले जागाच नाही ठेवली त्यानं." हे ऐकून मला फार वाईट वाटले, हे येथे नमूद करतो.

आता मी जागा होतो असे मान्य केले तर नकाशा आहे. नकाशा आहे, तर मग वाळवीने काय खाल्ले, असा प्रश्न निघतो. आणि त्या पत्रावर आपली, बडेबाबूंची व माझी अशा तीन सह्या आहेत. माझी मी न वाचता केली, त्याची मला शरम वाटते. मी झोपलो होतो असे ठरले, तर वाळवी खरी ठरते आणि सर्वांचे भले होते. म्हणून बडेबाबूंनी सुचवले, "झोपलो होतो म्हणून लिहून दे अन् मोकळा हो. नाही तं कमरेचाच कागद लावून घरी बसवतीन तुले." माझ्या घरी खाणारी सहा माणसे आहेत.

मी शिपायांनाही विचारले. ते म्हणाले, रॅक उचलणे हे लाकूडसामान शाखेचे काम आहे. ती शाखा १९६८ साली बंद झाली. शेवटी भागीरथेला विचारले. ती म्हणाली, "झोपलो होतो म्हना ना जी! तुमचं काय जाते त्यात? तिकडे त्या बाईचं आंगन जाऊन राह्यलं."

म्हणून या अर्जाद्वारे लेखी कबूल करतो की दि. १४ मे रोजी मी गाढ झोपलो होतो, आणि त्या झोपेत मला रॅक क्र. ९ च्या पायाखाली नकाशा दिसला. कर्मचाऱ्याला पडलेले स्वप्न तपासू नये, असा नियम मला कोठे आढळला नाही. तरी ते तपासण्यासाठी दोन माणसे द्यावीत. स्वप्न खोटे निघाल्यास मला घरी बसवावे. खरे निघाल्यास, वाळवीने नकाशा परत केला असे लिहिले तरी माझी हरकत नाही. बाईंच्या नकलेवर आपली सही व शिक्का तेवढा पडावा.

बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत माणसे आली नाहीत, तर पहार लावून रॅक मीच उचलीन. त्यानंतर मला उठता येईल की नाही, याची डॉक्टर खात्री देत नाहीत. तरी बुधवारी चारनंतर मी रॅक क्र. ९ शेजारी आडवा आढळल्यास, माझ्या हातातला नकाशा आधी काढून घेऊन त्याची नक्कल करावी. आणि मी झोपलो होतो असे, कृपया, त्या वेळी लिहू नये.

आपल्या सहीची वाट पाहणारा,

श्रावण देवाजी गजभिये
नकाशा कक्ष

नागपूर
दि. १७ जून १९७४