भोईरकाकांच्या रायफलीतला बोल्ट

दसऱ्याचा दुसरा दिवस, संध्याकाळ

राहनाळच्या गोदामावर आज पहाऱ्याआधी रायफलीत काडतूस भरलं, तर नळीचं मागचं तोंड मिटणारा बोल्ट जोर लावल्याशिवाय बंदच होईना. दुकानदाराने जुनी काडतुसं गळ्यात मारली? मग बोल्टवरचं कुंकू पुसलं. खाली कोरलेला नंबर माझ्या रायफलीचा नाहीच! रात्रपाळीच्या भोईरकाकांनीच बदलला असणार. पण काल पूजेला दोघांचे बोल्ट काढून एकाच पाटावर मांडले कोणी? मीच. परत बसवले? तेही मीच!

म्हणजे माझा बोल्ट त्यांच्या रायफलीत. सैल बसला असेल, तर बार उडताच काडतूस फाटून आग डोळ्यांत येईल.

फोन केला. "काका, काडतूस काढा आधी."

"लोण्यासारखी चालते हाय, म्हणून पोटात दुखतं व्हय तुझ्या?"

"काका, बोल्ट मीच चुकून बदललेत."

पलीकडे खट्कन बोल्ट मागे ओढला गेला. मग काडतूस काढल्याचा आवाज आला.