गौरीची जोड

३ जानेवारी, लातूर

नात तालमीतून कान सुजवून आली. वांग्यासारखा झालाय, काळानिळा. म्हटलं, गौरी, दवाखान्यात चल.
"पैलवानाचा कान असाच असतोय आप्पा. कशाला भ्यायलाव?"
सून रडली. बसू हसला. पोरीच्या बापानं हसावं का? मला जेवण गेलं नाही. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवेना म्हणून परत घेतली. आता दोन झाल्या असतील तर...

५ जानेवारी

गावाकडून, उमरीच्या बाजूनं, जत्रा कमिटीचे दोघे आले. यंदा मुलींच्याही कुस्त्या ठेवल्यात. गौ.ला बोलावणं आहे. मला म्हणाले, "आप्पा, घरात तुमीच मोठे. पोरीचा हात तुमीच वर करायचा."
बसूनं मला न विचारताच हाव म्हणून टाकलं.
आमच्याकडं वजनकाटा नसतो. पैलवानाला हौदाभोवती, म्हणजे कुस्तीच्या मातीभोवती, फिरवतात, पंच नजरेनं जोखून समोरचा निवडतात. घरच्या मोठ्या माणसानं हात धरून वर केला की जोड लागली. मग माघार नाही, पृथ्वी उलटली तरी नाही.


८ जानेवारी

गौ.ला तेल लावून देत होतो. विचारलं तिनं, "आप्पा, तुमी पहिली कुस्ती कुठं बघितली?"
सांगितलं. तेव्हा मी दुसरीत होतो. वडील, काका आणि मी उमरीहून पॅसेंजरनं नांदेडला गेलो. गोदावरीच्या काठी चारी बाजूंनी पत्रे ठोकून आखाडा केला होता. तिकीट लावलेली कुस्ती आमच्या मुलखात कुणी पाहिली नव्हती. आत गेल्याबरोबर तो वास आला. मातीत तेल, हळद, ताक, लिंबू.  हलगी वाजली तशी मी वडिलांच्या खांद्यावर नाचायलाच लागलो. आधी आमच्याएवढ्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या झाल्या. जिंकणाऱ्याला मूठभर रेवड्या. काकानं मला विचारलं, "उतरतोस का रे?" मी वडिलांचे केस घट्ट धरले. काका एवढा हसला.
गौ.पण हसली. "मग?"
मग काय, कुस्त्या झाल्या, आलो घरी.
एवढंच सांगितलं.

९ जानेवारी

राहिलेलं इथं लिहितो. कुठंतरी लिहिलं पाहिजे, नाहीतर झोप नाही.
शेवटच्या कुस्तीसाठी पैसे देऊन पंजाबकडचा एक पैलवान आणला होता. त्यानं आपला गडी एका झटक्यात पाडला. लोकांनी तिकिटं काढलेली, त्यांना दोन हात बघायचे होते. "नुरा! नुरा!" म्हणून ओरड सुरू झाली, म्हणजे कुस्ती आधीच ठरवलेली होती असं. चपला पडल्या. पंच घाबरले. त्यांनी त्या पैलवानाचा हात धरून हौदाभोवती फिरवायला सुरुवात केली, आहे का कुणी म्हणून. कुणी उठेना.
वडील उठले. मला शेजारच्या अनोळखी माणसाच्या खांद्यावर ठेवलं. काकाचा हात धरला आणि वर केला.
काका गावच्या जत्रेत खेळणारा गडी. त्या पंजाब्याच्या छातीला लागत होता. त्यानं वडिलांकडं पाहिलं. ते तोंड मला आज सत्तर वर्षांनी जसंच्या तसं दिसतं. पण हात वर गेला होता.

१० जानेवारी

पंजाब्यानं काकाला कमरेतून उचललं आणि उलटा डोक्यावर आपटला. ओला बांबू पिळून मोडल्यावर होतो तसा आवाज. हलगीवाल्याला कळलं नाही, तो वाजवतच राहिला.
मग लोक हौदात शिरले. पत्रे उपटले, बांबू काढले. पंजाबी हात जोडून म्हणत होता, "मेरा क्या कसूर, मेरा क्या कसूर." वडिलांनी पहिला बांबू घातला. त्याच्या तोंडावर. एक डोळा गेला तेव्हा तो माणूस बैलासारखा ओरडला. पत्र्यानं कुणाची तरी बोटं तुटली, ती मातीत होती, लोक त्यावरून धावत होते. मी ज्याच्या खांद्यावर होतो तोही मला खाली टाकून मारायला गेला. मी काकाजवळ जाऊन बसलो. तो डोळे उघडे ठेवून माझ्याकडं पाहत होता. "पाय कुठंयत रे माझे?" म्हणाला.
दोन पावसाळे तो खाटेवर होता, मग गेला. मानेखाली काही नाही. वडील घास भरवायला गेले की त्यांची बोटं चावायचा, रक्त येईस्तोवर. वडील हात काढून घ्यायचे नाहीत. आई मला बाहेर घालवायची.
हात दुखायला लागला. बंद करतो.

१३ जानेवारी

बसूला म्हटलं, मी येणार नाही, पोरगीपण जाणार नाही.
ताट भिंतीवर आपटलं त्यानं. वरण माझ्या धोतरावर. "तुमच्या भेवापायी मला तालमीत जाऊ दिलं न्हाई! जिंदगीभर दुकानात मीठमिरची तोलली मी! आता हिचंबी वाटोळं करता का?"
मी काठी उगारली. पोटच्या पोरावर. त्यानं ती धरली आणि गुडघ्यावर मोडली. सून मध्ये पडली, धक्का लागून फ्रीजवर आदळली. कपाळाला टेंगूळ.
गौ. खोलीतून आली. बापाची कॉलर धरून त्याला असा दाबला भिंतीला की त्याचे पाय चवड्यांवर आले. "आप्पांवर हात उचलला तर बघ." मग माझ्याकडं वळून, शांतपणे, "मी जाणार आहे आप्पा. तुमी हात वर केला न्हाई तर बाबा करतील."
मला तिची भीती वाटली. खरं सांगतो, वाटली.

१६ जानेवारी

तालमीत जाऊन बसलो, खिडकीजवळ. गौ.नं तीन पोरांना उचलून आपटलं. कलाजंग म्हणतात त्या डावाला. गडी खांद्यावर आडवा घ्यायचा आणि टाकायचा. वस्ताद म्हणाले, "मान बघा पोरीची, खांबासारखी. खामोखा फिकीर करता."
एका पोराच्या नाकातून रक्त आलं. तिनं स्वतःच्या टॉवेलनं पुसलं, परत लावला डाव.
बसूनं हात वर करण्यापेक्षा मीच करतो म्हटलंय, तो काही बघायचा नाही. माझ्या डोक्यात एकच, समोरची कशी असेल. उंच? जाड? देवा, बारीक दे.

२२ जानेवारी, नांदेड, दवाखाना

बाकावर बसून लिहितोय. कालचं.
हौद भरलेला, माणसं झाडांवर. पंचांनी बिलोलीकडची एक पोरगी फिरवत आणली. रेणुका नाव. बारीक, गौ.पेक्षा बोटभर बुटकी. हात बघितले तर काड्या. मला इतकं हलकं वाटलं की हसूच आलं. मागून एक जण ओरडला, "आप्पा, समोरचीला काय फुंकरीनं उडवणार का?" मी म्हटलं, हाव! आणि गौ.चा हात धरून वर केला. चांगला उंच केला. टाळ्या पडल्या. समोर रेणुकाच्या बापानंही तिचा हात वर केला. जरा उशिरा केला. ते मी पाहिलं होतं.
पंच नजरेनं जोखतात. मीही जोखलं. आपली मोडणार नाही एवढंच बघितलं.
पोरगी चपळ होती. गौ.च्या तोंडावर माती मारली, पाय धरले, एकदा खाली घेतलंसुद्धा. लोक पेटले. "ए लातूरवाली, घरी जा, भाकऱ्या थाप!" गौ.चा ओठ फुटला होता, दात लाल दिसत होते. उठली आणि एका दमात रेणुकाला खांद्यावर घेतलं. पोरगी वर वळवळली. पाठ टेकू नये म्हणून वळली असेल. गौ.नं टाकली ती मानेवर.
आवाज मला ऐकू आला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या त्यात गेला.
मग त्यांची माणसं आत आली. "मुद्दाम मानेवर टाकली!" कुंपणाचे बांबू निघाले. रेणुकाच्या बापानं बसूच्या डोक्यात घातला, बसूनं तशाच रक्तानं भरलेल्या डोक्यानं त्याला गळ्याला धरून मातीत लोळवलं. कुणीतरी माझ्या बरगडीत लाथ घातली. दगड. बायका किंचाळत होत्या. एक म्हातारा हलगीनंच मारत सुटला होता.
या सगळ्यात गौ. गुडघ्यावर बसलेली. रेणुकाचं डोकं दोन्ही हातांत सरळ धरून. तिच्या पाठीत दगड बसत होते आणि ती एकच ओरडत होती, "मान हलवू नका! कुणी हलवू नका तिला!"
जीपमध्ये पण तिनंच धरलं डोकं. नांदेडपर्यंत. खड्डा आला की दोघी ओरडायच्या.

२३ जानेवारी, नांदेड

बसूला डोक्यात टाके. रेणुकाच्या बापाचा हात प्लास्टरमध्ये. दोघं समोरासमोरच्या बाकांवर, एकमेकांकडं बघत नाहीत. पोलीस जबाब घेऊन गेले.
डॉक्टर म्हणतात, सूज उतरल्याशिवाय सांगता येत नाही. बोटं हलवून बघायला सांगितली तर हलली नाहीत म्हणे. पायांचं विचारायची माझी हिंमत झाली नाही.
गौ.नं परवापासून काही खाल्लं नाही. केसांत माती तशीच. सून धुऊन घे म्हणाली तर हात झटकला. सकाळी मला विचारलं, "आप्पा, तुमी त्या दिवशी 'मग काय, घरी आलो' म्हणला. खरं तसंच झालं होतं का?"
मी न्हाई म्हटलं. 
दुपारी रेणुकाची आई बाहेर आली. बसू उठून हात जोडून उभा राहिला. बाईनं त्याच्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही. गौ.समोर थांबली. मला वाटलं आता थोबाडीत मारते. मी उठायला गेलो, बरगडीतून कळ आली, बसलो.
"ती बोलवायली तुला," बाई म्हणाली.
"मला?"
"हाव. एकटीलाच."
गौ.नं माझ्याकडं पाहिलं. जाऊ का, असं. मी मानही हलवली नाही.
ती आत गेली. बाईनं दार ओढून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.
चहावाला येऊन गेला. आतून अजून आवाज नाही.