उजवा कान

श्री
चैत्र वद्य पंचमी, शके १८५०
मुक्काम मिशनचा दवाखाना, इंग्रज हद्द

धन्याच्या पायाशी भिवराचा दंडवत.

इकडं मी खुशाल हाय. तिकडं तुमी, आत्याबाई आन नवी मालकीण सुंदराबाई खुशाल असाल. वर तुमचं नाव लिवलं न्हाई. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, हे आत्याबाईनं, तुमच्या आईनं, मला हळदीच्या अंगानंच शिकवलं व्हतं. मला घराबाहेर काढलं, तरी रीत मी सोडली न्हाई.

अक्षर माझंच हाय. डोळे मोठे करू नका. इथल्या डाक्तरीणबाईनं शिकवलं. घरात आलेला कागद कारकून शहादेवानं सोप्यात बसून समद्यांम्होरं मोठ्यानं वाचायचा, ही तुमची ऐट मला ठाव हाय. पण हे पत्र तुमी एकट्यानं वाचा, दार लावून. धुळाजी गाडीवानाला मी बजावलंय, मालकाच्या हातातच द्यायचं.

तुमची चिठ्ठी त्यानंच आणून दिली. मला वाटलं, मी जिती का मेली हे इचारलं असंल. तसं काय न्हाई. तुमच्या एका गड्याला महारोग लागलाय, त्याच्यासाठी इथलं कडूकवठीचं तेल गुपचूप पाठवावं, कुणाला कळू देऊ नये. एवढंच. गड्याचा किती कळवळा हो तुमाला! मागं सटवा सालगडी तापानं फणफणला व्हता तवा त्याला पाण्याची दारं धरायला उसात उभा केलता तुमी. आन ह्या गड्याचं नाव काय? ते लिवायचं राहिलं. नाव न लिवायची तुमची जुनीच खोड हाय म्हणा.

धुळाजीला मी भाकर वाढली. गडी पोटभर जेवला, आन मग त्याच्या तोंडातनं एकेक निघालं. चावडीवर बसल्या बसल्या चिलमीतला इस्तू तुमच्या बोटावर पडला, कातडं जळाल्याचा वास सुटला, तरी तुमी आपले गप्पाच हाणताय. शेजारच्यानं हात झटकला तवा तुमाला कळलं. भुवया झडाया लागल्यात, तिथं काजळाची काडी फिरवता म्हणं. अगबाई! माझ्या वेळी कधी एवढे नटला न्हाईत. आन फेट्याचा शेमला आता पाठीवर न्हाई, उजव्या कानावर सोडता. नांदूरघाटात दुसरा कुणी असा फेटा बांधत न्हाई.

त्या कानाचं बोलूच आता.

माझ्या दंडावर पांढरा चट्टा उठला तवा आत्याबाईनं घर डोक्यावर घेतलं. हैदराबादचा दौऱ्यावरचा डाक्तर केजच्या मुसाफिरखान्यात उतरलाय हे कळलं, आन तुमी मला घेऊन गेलात. डाक्तर म्हणला, एकटीचं बगून भागत न्हाई, नवऱ्याचं बी बगावं लागंल. माझ्या डाव्या कानाची पाळी त्यानं जराशी कातरली, रस काचेच्या पट्टीवर पुसला. मग तुमची उजवी पाळी कातरली. तुमी केवढ्यांदा वरडलात, ते मला अजून आठवतंय. मग तो काचेवर नावं लिवाया लागला, तर तुमी त्याचा हात धरलात.

"देशमुखाचं नाव महारोगाच्या काचेवर? खुळा का काय बे तू! दोन्हीवर हिचंच घाल. एक डावा कान, एक उजवा कान. झालं."

डाक्तर पोरगेला, तुमी वजनदार. त्यानं लिवलं. भिवराबाई डावा कान, भिवराबाई उजवा कान. मी कोपऱ्यात पदर चावत उभी व्हते. त्या वक्ताला मला बी त्यात काय वावगं वाटलं न्हाई. बायकोच्या नावावर नवऱ्याचं काय काय चढतं, त्यात एक काच.

काचा हैदराबादला गेल्या. तिथं बारीक किडे मोठे करून दाखवणारी खुर्दबीन हाय, तिच्याखाली धरल्या. कागद आला. शहादेवानं सोप्यात उभं राहून वाचला. डावा कान साफ हाय. उजव्या कानात महारोगाचे किडे खच्चून भरलेत.

मी दाराआड व्हते. माझा हात उजव्या कानाला गेला. पाळी सपाट, कुठं कातरल्याची खूण न्हाई. मी फटीतनं बगितलं, तर तुमचा हात बी उजव्या कानाला गेलता. आपली नजर भिडली. धनी, ती नजर मी इसरले न्हाई आन तुमी बी इसरला न्हाईत. त्या घटकेला तुमाला ठाव व्हतं, मला ठाव व्हतं, आन सोप्यात बसलेल्या एकाला बी ठाव नव्हतं.

मी त्वांड उघडलं. "तो कान माझा न्हाई, तो..." म्हणले, आन अडले. म्होरं तुमचं नाव यायचं व्हतं. तेवढ्यात आत्याबाईनं मुस्काटात हाणली. तुमी खाली मान घालून सुपारी कातरत बसलात. "हिला मळ्यातल्या कोपीत टाका," असं सुपारी तोंडात टाकून म्हणलात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते असं.

माझ्या कानातल्या बाळ्या आत्याबाईनं चुलीच्या चिमट्यानं वढून काढल्या. चुन्याच्या पाण्यात धुतल्या, आन म्हयन्याच्या आत सुंदराबाईच्या कानात घातल्या. मी कोपीत बसून तुमच्या लग्नाचे ताशे ऐकले. भाकर बांधावर ठेवून गडी पळून जायचा, कवा कवा कुत्रं आधी पोचायचं. माझी ठकू बांधापल्याड उभी राहून "आये, आये" करायची, तर तुमी ढेकळं मारून तिला हाकललंत. मला मारलेली ढेकळं मी सोसली. तिला मारलेली मी मोजून ठेवलीत.

मग एका रातीला कोपी सोडून चालत इथं आले तवा डाक्तरीणबाईनं माझ्या दोन्ही कानांच्या काचा केल्या. म्हणली, तूच बग. पितळी नळी, खाली आरसा, आरशातनं ऊन वर चढतंय. डोळा लावला तर नुसतं निळं. एक किडा न्हाई. मग तिनं दुसऱ्याची काच लावली. निळ्यात लाल लाल बारीक काड्या, मूठ मूठ सांडल्यागत. "हे असं असतं," म्हणली. "तू साफ हाय, दंडावरचं नुसतं कोड हाय, घरी जा." कुठल्या घरी जाऊ? माझ्या भावानं उंबऱ्यातनंच भाकर दिली आन कवाड लावलं. म्हणून मी इथंच ऱ्हायले. काचा धुते, काचांवर नावं लिवते.

तुमी आजारी पडणार हे मला दोन वरसांपासनं ठाव हाय. सांगावा धाडता आला असता. न्हाई धाडला. तुमी सुपारी कातरत बसला व्हतात, मी काचा धूत बसले. कोण म्हणंल मी तुमची अर्धांगी न्हाई!

आता कामाचं. धुळाजी म्हणला, ठकू तुमची लई लाडकी झालीय. तुमच्या ताटात जेवती, तुमच्या वाकळंत निजती. तुमाला सोताचं ठाव असून तुमी पोरीला कुशीत घेता? आन आखितीला तिचं शिरूरच्या घरात लगीन लावताय म्हणं. नऊ वरसांची हाय ती. एवढी घाई कावून?

ऐका. आखितीच्या आत ठकू धुळाजीच्या गाडीतनं इथं आली पायजे. आली, की तेलाची बाटली मी सोता त्याच्या हातात दीन, आन तोंडाला कुलूप लावीन. झाकली मूठ सव्वा लाखाची ऱ्हाईल. तेल प्यावं लागतं, आतडी तोंडाशी येतात. तुमी परसात बसून ओकाल, ते बगायला मी तिथं नसंन, एवढंच वाईट वाटतं.

न्हाई आली, तर नारायणगडाच्या जत्रेला मी येते. तुमी मानाचा नारळ घेऊन म्होरं व्हाल तवा आडवी उभी ऱ्हाईन. डोक्यावरचा पदर काढून माझे दोन्ही कान लोकांला दाखवीन, आन तुमचा फेटा उचलीन.

मला पोरीची लई याद येती हो. तेवढं तरी खरं माना.

तुमच्या पायाची धूळ,
भिवरा



श्री
वैशाख शुद्ध दशमी, शके १८५०

उत्तरेश्वरराव भगवानराव देशमुख, मुक्काम नांदूरघाट, यांस.

होय, नाव लिवलंय. पुरं, बापासकट. हे पत्र धुळाजी मालकाच्या हातात देणार न्हाई. शहादेवभाऊंच्या हातात दील, सकाळी, सोपा भरलेला असंल तवा. शहादेवभाऊ, हैदराबादचा कागद तुमी वाचलात तसंच हे बी वाचा, खणखणीत. मालक हिसकावतील, देऊ नका. तुमचा लहाना त्यांच्या मांडीवर खेळतो, म्हणून सांगते. मधी थांबू नका.

उत्तरेश्वरराव, ठकू पोचली. आखितीच्या आधी पोचली, तुमी शब्द पाळलात. गाडीतनं उतरली आन मला बगून धुळाजीच्या मागं लपली. म्हणली, "तू तर मेलीस ना?" असं सांगितलंत व्हय पोरीला. बरं.

तिला न्हाऊ घालाया बसवली. पाठीवर हळदीचा थर, बोटभर जाड, वाळून पोपडे सुटलेले. मी म्हणले, "लगीन मोडलं, तरी हळद कशाची गं?" तर म्हणली, "ही लग्नाची न्हाई. बाबा रोज लावत्यात. कुणाला दाखवायची न्हाई म्हणत्यात." मी ती हळद धुतली. खाली चट्टा व्हता, माझ्या तळहाताएवढा. सुई टोचली, तरी पोर माझ्याकडं बगून हसतच ऱ्हायली.

लगनाची घाई कावून, ते मला तवा कळलं. तुमाला ठाव व्हतं. चट्टा कुणाला दिसायच्या आधी शिरूरवाल्यांच्या गळ्यात बांधायची, मग त्यांनी तिला टाकली तर त्यांचं नाव वाईट. ती त्यांच्या मळ्यात, त्यांच्या कोपीत मरंल. तुमचा सोपा सारवलेलाच.

डाक्तरीणबाईनं तिच्या कानाची पाळी कातरली. वरडली न्हाई, तुमच्यापरीस धीराची हाय. काचेवर नाव घालायचं काम माझं. इथली रीत अशी, लेकराच्या काचेवर बापाचं नाव लागतं. बाई म्हणली, "मोठ्यानं सांग आन लिव." मी सांगितलं. ठकूबाई उत्तरेश्वरराव देशमुख. लग्न झाल्यापासनं जे नाव जिभेवर येऊ दिलं न्हाई, ते घेतलं. जीभ झडली न्हाई. तुमचं आयुष्य घटलं असंल तर घटू द्या.

मग खुर्दबिनीला डोळा मीच लावला. निळं दिसावं म्हणून देवाला किती इनवलं, ते तुमाला सांगून काय उपेग. लाल व्हतं.

तुमच्यासाठी बाटली काढून ठेवलती. ती तिच्या नावावर लावली. इथं तेल मोजकंच येतं, आन तिला वरसान्वरसं पुरवायचं हाय. तुमाला थेंब मिळणार न्हाई. सोता यायचं असंल तर या. फाटकावर नाव इचारत्यात, मोठ्यानं सांगावं लागतं. तुमची काच मीच धुईन, मीच लिवीन.

गप्प ऱ्हायचं कबूल केलं व्हतं मी. ते साफ पोरगी मिळंल म्हणून. तुमी सौदा मोडलात, मी बी मोडला.

सुंदराबाई, तुमच्यावर माझा राग न्हाई. कानातल्या बाळ्या माझ्याच हायत, ऱ्हाऊ द्या. पोटातलं मोकळं झालं की लेकराला घेऊन निघून या, धुळाजीला वाट ठाव हाय. आत्याबाई, तुमाला दंडवत. कुणाच्या मुस्काटात मारली व्हतीत, ते आता कळलं असंल.

शहादेवभाऊ, एवढं वाचून झालं की कागद खाली ठेवा आन उठा. मालकाच्या फेट्याचा शेमला बाजूला करा. समद्यांनी उजवा कान बगा.

ठकूची आई,
भिवरा